फडताळाची फळी निखळली: फुटलेल्या चिनी मातीच्या वस्तू कशा वाचवाव्यात आणि उरलेल्या कशा जपाव्यात?

जुनेनाशिक

नमस्कार. जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात दिवाणखान्याच्या भिंतीत एक खोल फडताळ आहे. यंदाच्या पावसात मागची पांढऱ्या मातीची भिंत ओल धरून फुगली, वरच्या फळीचा आधार सुटला आणि ती फळी सामानासकट खालच्या फळीवर आदळली. माणसांना काही झाले नाही, परंतु आतल्या चिनी मातीच्या वस्तूंचे बरेच नुकसान झाले आहे.

नुकसानीचा तपशील असा आहे. पणजोबांच्या काळापासून घरात असलेली, खाली ‘जर्मनी’ असा शिक्का असलेली वीतभर उंचीची मुरलीधराची मूर्ती कंबरेपाशी आणि दोन्ही हातांपाशी तुटली आहे. ‘मेड इन जपान’ असे लिहिलेल्या चहाच्या संचातील काही कपांचे कान निघाले असून बशांच्या सोनेरी काठांचे टवके उडाले आहेत. जयपूरहून आणलेल्या निळ्या सुरईची मान मोडली आहे. लोणच्याच्या दोन बरण्यांपैकी एकीला वरपासून खालपर्यंत तडा गेला आहे. सगळे तुकडे भिंतीच्या ओल्या मातीत मिसळलेले आहेत.

हा मुरलीधर आमच्याकडे दरवर्षी गौरीच्या आराशीत मांडला जातो. त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांचा आग्रह आहे की बाजारातून डिंकाची नळी आणून आजच तो जोडून टाकावा. तसे करावे की थांबावे, कोणती वस्तू घरी जोडण्यासारखी आहे, कोणती जाणकाराकडे द्यावी, आणि वाचलेल्या वस्तू पुन्हा त्याच फडताळात ठेवाव्यात का, याबद्दल मार्गदर्शन हवे आहे.

मृत्स्ना

आज काहीही चिकटवू नये, अशी कळकळीची विनंती आहे. मी काही वर्षे एका संग्रहालयाच्या जतन विभागात काम केले आहे आणि तिथे दुरुस्तीसाठी येणाऱ्या वस्तूंपैकी बऱ्याच वस्तूंवर आम्हाला आधी घरगुती डिंक काढण्यातच वेळ घालवावा लागत असे. फुटलेली चिनी माती लाकडासारखी कुजत नाही की लोखंडासारखी गंजत नाही. सगळे तुकडे एकत्र आणि स्वच्छ राहिले तर ती वर्ष-दोन वर्षांनीही तितकीच चांगली जोडता येते. गौरीची तारीख जवळ आली आहे हे समजते, पण मूर्तीला तशी कोणतीही घाई नाही.

आता पहिले काम. जमिनीवरची माती झाडूने लोटू नका. एक पांढरी चादर अंथरून ती माती सुपलीने त्यावर घ्या, वाळू द्या आणि मग रव्याच्या चाळणीतून चाळा. चाळणीत उरलेला मुगाएवढा कपचासुद्धा टाकू नका, कारण दोन मोठे तुकडे जुळल्यावर सांध्यावर जी बारीक पोकळी राहते, ती बहुधा अशाच कपच्याची जागा असते. मूर्तीच्या बाबतीत बोटांची टोके आणि मुरलीचे तुकडे या चाळणीतच सापडतील.

सापडलेले तुकडे अंड्यांच्या ट्रेमध्ये एकेका खळग्यात एक असे ठेवा. एका ट्रेमध्ये एकाच वस्तूचे तुकडे असावेत. क्रमांक लिहायचा तर ट्रेवर लिहा, तुकड्यावर चिकटपट्टी लावू नका. सोनेरी काठावर लावलेली चिकटपट्टी काढताना सोनेही निघून येते, कारण तो सोन्याचा थर झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या लेपाच्या, वर अगदी पातळ बसवलेला असतो. प्रत्येक ट्रेचा फोटो काढून ठेवा.

तुकडे एकमेकांना बसतात का, हे पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. तो आवरावा. तुटलेल्या कडा दर वेळी घासल्या की त्यांवरचे सूक्ष्म कण चुरडले जातात. मग सांधा कितीही काळजीपूर्वक जोडला तरी तिथे पांढरी रेघ उमटते. सफाई झाल्यावर एकदाच, ठरवून, कोरडी जुळणी करायची असते.

त्यानंतर वस्तू कोणत्या जातीची आहे हे ठरवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. तुटलेल्या कडेवर, जिथे झिलई नाही अशा जागी, काडीने पाण्याचा एक थेंब ठेवून पाहा. तुमच्या मुरलीधराच्या आणि जपानी कपांच्या कडेवर तो थेंब शोषला न जाता तसाच राहील, कारण त्या वस्तू पोर्सेलीनच्या, म्हणजे पक्क्या चिनी मातीच्या आहेत. पोर्सेलीन केओलिन ही पांढरी माती आणि फेल्डस्पार व क्वार्ट्झ ही खनिजे यांपासून बनते आणि साधारण १२५० ते १४०० अंश सेल्सियसला भाजल्यामुळे आतून काचेसारखे घट्ट होते. बरण्या ज्या दगडी भांड्यांच्या जातीच्या असतात ती १२०० ते १३०० अंशांच्या आसपास भाजली जातात, त्यामुळे त्याही पाणी फारसे शोषत नाहीत. जयपुरी सुरईच्या कडेवर मात्र थेंब टेकताच नाहीसा होईल. तिच्यात माती जवळजवळ नसतेच. क्वार्ट्झची पूड, काचेची पूड, थोडी मुलतानी माती आणि डिंक यांच्या लगद्यापासून ती घडवतात आणि ८०० ते ८५० अंशांच्या आसपास, एकदाच भाजतात. म्हणून ती देखणी असली तरी ठिसूळ असते आणि पाणी पिते.

पोर्सेलीनचे तुकडे प्लास्टिकच्या टबात, तळाशी टॉवेल घालून, कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब टाकून एकावेळी एकच असे धुवा. स्टीलच्या सिंकमध्ये नळाखाली धुऊ नका, उरलेले कान तिथेच तुटतात. सोनेरी काठ चोळू नका. सुरई पाण्यात बुडवूच नका. ती मऊ कोरड्या ब्रशने झाडावी आणि गरज पडल्यास ओलसर कापसाच्या काडीने झिलईचा पृष्ठभाग तेवढा पुसावा, तुटलेल्या कडेला ओल लागू देऊ नये. डाग काढण्यासाठी ब्लीच अजिबात वापरू नका. त्यातील क्षार तड्यांत शिरतात, वाळताना त्यांचे स्फटिक होतात आणि ते झिलईला आतून उचलतात.

निफाडची_बाग

ताईंनी सविस्तर लिहिले आहे, त्यात फक्त सामान ठेवण्यापुरती भर घालतो. आमच्याकडे द्राक्षांचा हंगाम संपल्यावर निर्यातीच्या कोरुगेटेड पेट्या, बबलच्या शीट आणि फोमच्या जाळ्या उरतात. त्या पेट्या उंचीला कमी आणि मजबूत असतात, एकावर एक रचण्यासाठीच बनवलेल्या असतात. पपई-सफरचंदाला घालतात ती फोमची जाळी कपावर मोजे घातल्यासारखी बरोबर बसते. ओझर, पिंपळगावकडे पॅकहाऊसमध्ये विचारल्यास अशा पेट्या सहज मिळतील. वाडा दुरुस्त होईपर्यंत सगळे सामान त्यात राहू शकते.

मृत्स्ना

सूचना उत्तम आहे, एक खबरदारी मात्र घ्यावी. निर्यातीच्या द्राक्षपेटीत बुरशी येऊ नये म्हणून कागदासारखा एक पॅड घातलेला असतो. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते आणि ओलाव्याशी संयोग होताच त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. द्राक्षांसाठी तो उपयोगी आहे, परंतु बंद पेटीत पितळी बैठक, तांब्याची तार किंवा जुने कागदी लेबल असलेली वस्तू ठेवली तर हाच वायू त्यांना खातो. म्हणून न वापरलेली कोरी पेटी घ्या, किंवा वापरलेली असेल तर पॅड काढून काही दिवस उघड्यावर वारा लागू द्या.

बबल शीटचे फुगे वस्तूच्या अंगाला थेट लागू देऊ नका. उष्णतेत महिनोन्महिने दाबून राहिले की झिलईवर गोल ठसे उमटतात. आधी धुऊन मऊ झालेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा, त्यावर बबल. वर्तमानपत्राची शाई झिलई नसलेल्या बुडाला लागते, म्हणून त्याचा उपयोग फक्त पेटीतील पोकळी भरण्यापुरता करा. झाकण असलेल्या भांड्याचे झाकण नेहमी वेगळे गुंडाळावे. हलवायचे असेल तर पेटीत पेटी ठेवावी आणि दोहोंमध्ये चारही बाजूंनी किमान दोन इंच मऊ भरण असावे.

झटपट

इतके सोपस्कार खरोखर आवश्यक आहेत का? आमच्या घरी फुटलेली प्रत्येक वस्तू मी फेविक्विकने जोडली आहे आणि शोकेसमध्ये सगळी व्यवस्थित उभी आहेत. ज्या वस्तूची बाजारात किंमतच राहिलेली नाही, तिच्यावर संग्रहालयाचे नियम लावण्यात अर्थ दिसत नाही. जुनेनाशिक यांनी मूर्ती जोडून गौरीपुढे मांडावी, घरातली मंडळीही समाधानी होतील.

रसायनसर

झटपट यांचा प्रश्न रास्त आहे, म्हणून चिडण्याऐवजी कारणे सांगतो. मी निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक आहे आणि चिनी मातीची भांडी जोडण्याचा छंद बाळगून आहे.

फेविक्विकसारखा सायनोॲक्रिलेट जातीचा डिंक काही सेकंदांत घट्ट होतो. नळीच्या जाहिरातीत जो गुण म्हणून सांगितला जातो, तोच इथे दोष ठरतो. दोन तुकडे केसभर सरकून चिकटले तर ते सावरायला वेळ मिळत नाही. पहिल्या सांध्यातील केसभर चूक दुसऱ्यात दुप्पट होते आणि शेवटचा तुकडा त्याच्या जागी शिरतच नाही. शिवाय हा डिंक ठिसूळ असतो आणि ओलाव्याने कालांतराने कमकुवत होतो. नाशिकच्या पावसाळ्यात, तेही ओल्या भिंतीच्या फडताळात, तो एक दिवस अचानक सुटतो. कान धरून कप उचलला की कप खाली आणि कान हातात, असा प्रकार त्यातूनच घडतो. घरगुती इपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांतील द्रव मिसळून लावायचा डिंक, मजबूत असते, पण कालांतराने पिवळी पडते आणि सहज सुटत नाही. पांढरा फेविकॉल सतत भार असलेल्या सांध्यात हळूहळू सरकतो आणि पाण्याने मऊ होतो. एमसीलने सांधा जाड होऊन वस्तूचा घाटच बिघडतो.

जतन करणारी मंडळी बहुधा पॅरालॉइड बी-७२ नावाचे ॲक्रिलिक राळ वापरतात. त्याचे पारदर्शक दाणे मिळतात आणि ते ॲसिटोनमध्ये विरघळतात. काचेच्या बरणीत ॲसिटोन घेऊन त्यात मलमलीच्या पुरचुंडीत बांधलेले, वजनाने साधारण तेवढेच दाणे लोंबकळत ठेवले की एका रात्रीत मधाइतका घट्ट डिंक तयार होतो. नुसते तळाशी टाकले तर त्यांचा गोळा होऊन बसतो. याचा मोठा फायदा असा की चूक झाली तर ॲसिटोनचा बोळा लावून सांधा पुन्हा सोडवता येतो, आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तो अधिक चांगला जोडायचा असेल तर त्यालाही वाट मोकळी राहते.

परंतु आपल्या हवेत एक अडचण आहे, ती परदेशी चित्रफितींत कोणी सांगत नाही. बी-७२ हे साधारण ४० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागते. नाशिकमध्ये एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या घरात जातो आणि पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद काचेच्या कपाटात, ज्यावर दुपारचे ऊन येते, तिथे त्याहूनही अधिक. अशा वेळी जड तुकड्याचा सांधा सावकाश घसरतो. म्हणून मूर्तीच्या कंबरेसारख्या भार घेणाऱ्या सांध्यासाठी त्यात बी-४४ हे त्याच जातीचे दुसरे राळ मिसळतात, ज्याचा मऊ होण्याचा बिंदू ६० अंशांच्या आसपास असतो. कपाच्या कानांना, ज्यांना भार सोसायचा नाही, फक्त दिसायचे आहे, नुसते बी-७२ पुरते.

ॲसिटोन शुद्ध घ्यावे. नखांचा रंग काढायच्या द्रवात तेल, सुगंध आणि रंग असतात. हे काम खिडक्या उघड्या ठेवून करावे आणि देवघरात समई तेवत असेल तर त्या खोलीत करूच नये. त्याची वाफ पटकन पेट घेते.

मृत्स्ना

सरांशी सहमत आहे. जोडण्याच्या क्रमाबद्दल थोडे लिहिते, कारण बहुतेक जण तिथे अडकतात.

सफाई झाल्यावर तुटलेल्या कडा ॲसिटोनच्या कापसाने पुसा, बोटांचे तेल राहिले तर डिंक धरत नाही. मग डिंक न लावता तुकडे जुळवा आणि सोनेरी किंवा रंगीत भाग टाळून, चिकटपट्टीच्या लहान तुकड्यांनी सांध्याला आडवे बांधा. या कोरड्या जुळणीत कोणता तुकडा शेवटी येतो आणि कोणता आधी बसल्यास दुसऱ्याची वाट अडते, हे कळते. तो क्रम कागदावर लिहून ठेवा, सगळे पुन्हा सोडवा आणि त्याच क्रमाने डिंक लावा. एका परातीत कोरडी, चाळलेली वाळू घेऊन मोठा तुकडा त्यात असा रोवा की सांधा वर आणि आडवा राहील, म्हणजे वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने बसतो आणि हाताने धरावे लागत नाही. एक सांधा पुरता वाळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये. बाहेर आलेला डिंक ओला असताना पुसू नका, तो पसरतो. वाळल्यावर धारदार पात्याने टवकारून काढावा.

मुरलीधराच्या बाबतीत माझे मत असे आहे की कंबरेचा सांधा तुम्ही घरी करू नये. मूर्ती आतून पोकळ असते, भिंत पातळ असते आणि तिथे बहुधा अतिशय पातळ, स्वच्छ इपॉक्सी सांध्यात मुरवून भरावी लागते. ते कौशल्याचे काम आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कलावस्तूंच्या जतनाचे केंद्र आहे, तिथे विचारणा केल्यास पुढची दिशा कळू शकेल. याच संग्रहालयात टाटा बंधूंनी जमवलेली चिनी आणि जपानी पोर्सेलीनची दालनेही आहेत. मुंबईला गेल्यावर त्यांतील वस्तू मागच्या बाजूने, आधारांकडे लक्ष देऊन जरूर पाहा. पुढची बाजू सगळेच पाहतात.

देवळाली_संग्राहक

किमतीविषयी झटपट यांनी जे लिहिले त्यावर थोडे. जर्मनीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतीय बाजारासाठी देवदेवतांच्या पोर्सेलीनच्या मूर्ती बनत, त्यांतल्या अनेकांचे रूप इकडच्या छापील देवचित्रांवरून घेतलेले असे. आता संग्राहक त्या शोधत असतात. तुटलेल्या मूर्तीची किंमत उतरते हे खरे, पण तुकडे जपलेली आणि न रंगवलेली मूर्ती, रंगरंगोटी करून ‘नवी’ केलेल्या मूर्तीपेक्षा जाणकाराला नेहमी अधिक भावते. तेव्हा कोणी सांधा लपवण्यासाठी आजूबाजूला रंग मारून देतो म्हणाला तर नकार द्यावा.

जपानी संचाचे वय शिक्क्यावरून अंदाजे सांगता येते. अमेरिकेच्या आयात कायद्यामुळे १८९१ पासून मालावर देशाचे नाव लिहावे लागे आणि जपानी कारखाने ‘निप्पॉन’ लिहीत. १९२१ पासून त्याऐवजी ‘जपान’ लिहिणे आले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर १९५२ पर्यंतच्या काळात काही मालावर ‘ऑक्युपाइड जपान’ असे आढळते. आपल्याकडच्या मालावर हेच नियम काटेकोर लागू पडतात असे नाही, तरी दिशा मिळते.

जुन्या दुरुस्त्या ओळखण्याचा एक सोपा उपाय सांगतो. दुकानदार नोटा तपासायला जो जांभळा दिवा ठेवतात, त्याखाली अंधारात वस्तू फिरवून पाहा. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा वरचा रंग आणि इपॉक्सी मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. लाखेचा जुना सांधा नारिंगी दिसतो. मी एकदा एका दुकानातून ‘निर्दोष’ म्हणून घेतलेली फुलदाणी घरी या दिव्याखाली धरली, तेव्हा तिची संपूर्ण मान निळसर पांढरी उजळली. तेव्हापासून तो दिवा खिशात असतो. दुसरा उपाय म्हणजे वस्तू मोकळी धरून नखाने हलकी टिचकी मारणे. घंटेसारखा नाद आला तर वस्तू अखंड, ठस्स आवाज आला तर कुठेतरी तडा आहे.

पिंपळपार

आमचे घर सराफ बाजाराच्या उतारावर आहे, त्यामुळे गोदावरीच्या पुराचा अनुभव पुष्कळ आहे. २००८, २०१६ आणि २०१९ या तिन्ही वर्षी पाणी बाजारात शिरले. पुरानंतर चिनी मातीच्या भांड्यांचे काय करावे, याबद्दल मृत्स्नाताईंनी सांगावे. आमच्याकडे गाळ वाळल्यानंतर काही बशांवर तपकिरी जाळी उमटली, ती आजतागायत गेलेली नाही.

मृत्स्ना

ती जाळी म्हणजे झिलईतील सूक्ष्म भेगा. झिलई आणि आतील माती वेगवेगळ्या प्रमाणात आकुंचन पावतात, किंवा सच्छिद्र माती वर्षानुवर्षे ओलावा घेऊन किंचित फुगते, तेव्हा झिलईवर अशा भेगा पडतात. त्या एरवी दिसतही नाहीत, पण पुराच्या पाण्यातील गाळ आणि सांडपाणी त्यांतून आत शिरले की तिथेच डाग धरतात. म्हणून पुरानंतर पक्की, उच्च तापमानाला भाजलेली भांडी गाळ ओला असतानाच स्वच्छ पाण्याने धुऊन काढावीत. वाळल्यावर घासून काढायची वेळ येऊ देऊ नये. हातमोजे घालावेत, कारण त्या पाण्यात काय असते हे आपण सगळे जाणतो. सच्छिद्र वस्तूंवरचा गाळ मात्र सावकाश सावलीत वाळवून ब्रशने काढावा.

आताचे डाग पक्क्या झिलईचे असतील आणि सोने किंवा वरून काढलेली नक्षी नसेल, तर औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सौम्य हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये भिजवलेला कापूस डागावर ठेवून वरून प्लास्टिक झाकावे. कापूस वाळू देऊ नये आणि शेवटी वस्तू पाण्यात बराच वेळ ठेवून धुवावी. डाग फिका होतो, पूर्ण जाईलच असे नाही.

नदीकाठच्या घरांत पावसाळ्यापुरते तरी हे सामान तळमजल्यावर ठेवू नये. ज्या मूर्तीवरून नाशिकमध्ये गोदावरीच्या पुराची पातळी सांगतात, त्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला पाणी लागल्याची बातमी आल्यावर बांधाबांध सुरू केली तर घाईत जितके फुटते, तितके पुरानेही फुटत नाही.

कॉलेजरोड_गृहिणी

फुटलेल्या वस्तूंच्या सांध्यांना सोने लावण्याची जपानी पद्धत मी पाहिली आहे. त्याचे तयार संच ऑनलाइन मिळतात. जपानी कपांसाठी ती योग्य ठरेल का?

रसायनसर

मूळ पद्धतीत उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडे जोडतात. तो चीक सुकतो असे म्हणण्यापेक्षा दमट हवेत पिकतो म्हणणे योग्य होईल, आणि त्याला कित्येक आठवडे लागतात. शेवटी त्यावर सोन्याची पूड चढवतात. हे झाड आपल्या बिब्ब्याच्याच कुळातले आहे. बिबा उतल्यावर अंगाला काय होते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ओल्या उरुशीला उघड्या हाताने का शिवू नये, हे वेगळे सांगायला नको. तयार संचांत बहुधा इपॉक्सी आणि सोनेरी रंगाची पूड असते. सजावटीच्या नव्या मगसाठी हरकत नाही. पण सोनेरी काठाच्या जुन्या कपावर दुसरी सोनेरी रेघ उमटली की मूळ काठाची शोभा जाते, शिवाय ती इपॉक्सी काढता येत नाही. आणि कोणत्याही पद्धतीने जोडलेल्या कपातून चहा पिऊ नये. गरम पाण्याने सांधा सुटतो आणि डिंक पोटात जाणे बरे नव्हे.

जुनेनाशिक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माती चाळली, तुकडे ट्रेमध्ये लावले आणि पाण्याच्या थेंबाची परीक्षाही केली. ताईंनी सांगितल्याप्रमाणेच घडले. सुरईच्या कडेने थेंब तत्क्षणी शोषला आणि मूर्तीच्या कडेवर तो तसाच राहिला. चाळणीत मुरलीचे एक टोक आणि उजव्या हाताचे एक बोट सापडले. मुरलीचा मधला भाग मात्र पिठासारखा झाला आहे.

दोन प्रश्न उरले आहेत. आत्याचे म्हणणे आहे की खंडित मूर्ती घरात ठेवू नये, ती गोदेत विसर्जित करावी. आणि मुरलीचा गेलेला भाग नवा बनवून घ्यावा का?

देवळाली_संग्राहक

आत्याबाईंच्या भावनेचा मान राखून एक सुचवतो. ज्या मूर्तीची प्राणप्रतिष्ठा झालेली नाही आणि जी देवघरात पूजेला नव्हती, ती आराशीची वस्तू आहे. गौरीपुढे मांडतो त्या बाहुल्या, हत्ती, मोर यांच्यासारखीच. घरच्या गुरुजींना विचारून घ्यावे, म्हणजे त्यांचेही समाधान होईल. नदीत मात्र कृपया सोडू नये. हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजलेले पोर्सेलीन पाण्यात विरघळत नाही, ते घाटावर उतरणाऱ्यांच्या पायांना लागते.

मृत्स्ना

मुरलीसाठी पोर्सेलीनचा खोटा तुकडा बनवू नका. सापडलेले टोक जपून ठेवावे आणि मधल्या भागाऐवजी योग्य जाडीची पितळी तार हातांच्या पोकळीतून अलगद सरकवावी, डिंक न लावता. ती केव्हाही काढता येते आणि मूळ काय, नवे काय, हे कोणालाही कळते. जोडणीला देण्यापूर्वी मूर्तीचे सर्व बाजूंनी, शिक्क्यासकट, फोटो काढा आणि पेटीत तुकड्यांची यादी घाला.

पुन्हा मांडताना फडताळाच्या मागच्या भिंतीला काही टेकू देऊ नका, चार बोटे अंतर ठेवा आणि भिंत पुरती वाळेपर्यंत तिथे काहीच ठेवू नका. फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या इंचाची पट्टी मारून घ्या. मिरवणुकीच्या दिवसांत आपल्याकडचे ढोल खिडकीखाली वाजू लागले की काचेच्या फळीवरचे पातळ कप खरोखर सरकतात. त्यांच्या बुडाखाली सूक्ष्मस्फटिकी मेणाचे वाटाण्याएवढे तीन गोळे दाबून बसवावेत. पोस्टर चिकटवायचा निळा मऊ पदार्थ वापरू नये, झिलई नसलेल्या बुडावर त्याच्या तेलाचा डाग पडतो. भिंतीवर बशी टांगायची तर तारेच्या आकड्यांवर प्लास्टिकची नळी चढवावी, नाहीतर स्प्रिंगच्या ताणाने काठाचा टवका जातो. आणि उचलताना कान, मान, हात धरू नका, एक तळवा बुडाखाली आणि दुसरा अंगाला लावून उचला, बांगड्या-अंगठ्या काढून.

कॉलेजरोड_गृहिणी

बरणीचा विषय मागे पडला. आमच्याकडेही एक जुनी तडा गेलेली बरणी आहे. तिच्या बुडाजवळ पांढरी भुकटी सारखी येते. कितीही पुसली तरी महिन्याभरात पुन्हा दिसते, आणि आता तिथली झिलई खपलीसारखी सुटू लागली आहे. त्यात अजून कैरीचे लोणचे घातले तर चालेल का?

मृत्स्ना

ती भुकटी लोणच्याचे मीठ आहे. तड्यातून खार वर्षानुवर्षे मातीत मुरला आहे. हवा कोरडी झाली की तो पृष्ठभागाकडे येऊन त्याचे स्फटिक होतात आणि झिलई उचलली जाते, पावसाळ्यात पुन्हा विरघळतो आणि हिवाळ्यात पुन्हा उचलतो. वरून पुसण्याने तो कधीच संपणार नाही. बरणी प्लास्टिकच्या बादलीत आरओच्या किंवा बॅटरीसाठी मिळणाऱ्या शुद्ध पाण्यात पूर्ण बुडवून ठेवा, पाणी रोज बदला, आणि काही आठवडे हे चालू ठेवा. बदललेले पाणी स्टीलच्या वाटीत थोडेसे आटवून पाहा. तळाशी पांढरा थर राहणे बंद झाले की मीठ निघाले असे समजावे. आधी सुटू पाहणाऱ्या खपल्या बी-७२ च्या अगदी पातळ द्रावणाने बसवून घ्या, नाहीतर त्या पाण्यातच गळून पडतील. मग सावलीत, पंख्याखाली, उलटी न करता आडवी ठेवून वाळवा.

लोणचे मात्र त्यात पुन्हा घालू नका. तड्यात बुरशी आणि जुना खार राहतोच, आणि नव्या मिठाने सगळा त्रास पहिल्यापासून सुरू होईल. जुनेनाशिक यांच्या तडा गेलेल्या बरणीलाही हेच लागू आहे. दुसरी अखंड बरणी टिचकी मारून तपासावी. नाद स्वच्छ आला तर यंदाचे लोणचे तिच्यात खुशाल घालावे.